झोन कुठला?

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीहून कॉलेजला जायचं तर तीन दिशा आहेत. पूर्वेला जांबोटीमार्गे खानापूर नाहीतर बेळगाव. पश्चिमेला चोर्ला घाट उतरून केरी आणि पुढे साखळी. तिथे गोवा सरकारचं महाविद्यालय आहे. आणि उत्तरेला डोंगराआड चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. गावातल्या एखाद्या मुलाची कबड्डीत पकड चांगली असेल, तर यातली कुठली दिशा त्यानं धरली यावर पुढची तीन वर्षं तो कोणाशी खेळणार ते ठरून जातं. बेळगावला गेला तर राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि दक्षिण विभाग: समोर मंगळूर, मद्रास, कालिकत. चंदगडला नाव घातलं तर शिवाजी विद्यापीठ आणि पश्चिम विभाग: समोर मुंबई, पुणे, राजस्थान. साखळीला गेला तर गोवा विद्यापीठ आणि पुन्हा पश्चिम विभाग. गंमत पुढेच आहे. हाच मुलगा क्रिकेट खेळत असेल आणि गोव्याच्या रणजी संघाच्या आसपास पोचला, तर क्रिकेट मंडळाच्या हिशेबात गोवा दक्षिण विभागात मोडतो.

फुटण्याची ही सवय या गावाच्या पाण्यालाही आहे. मलप्रभा कणकुंबीत उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडे, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराकडे जाते. शेजारचा कळसा नाला पश्चिमेला म्हादईत उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायची कर्नाटकाची योजना निघाली, तेव्हा गोव्यानं हरकत घेतली. २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला. पाणी दुसऱ्या खोऱ्यात न्यायला एवढी यातायात करावी लागते. खेळाडू दुसऱ्या विभागात न्यायला मात्र विधिमंडळाचा एक कायदा पुरतो, आणि त्यावर हरकत घ्यायला कोणी जात नाही.

अमेरिकेत याच प्रकाराची दर उन्हाळ्यात मोठी बातमी होते. तिथे विद्यापीठांचे क्रीडासंघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांमध्ये खेळतात. गट म्हणजे मुळात शेजाऱ्यांची मंडळी: रेल्वेनं रात्रभरात जाऊन येता येईल एवढ्या अंतरातली आठ-दहा विद्यापीठं, त्यांचे आपसांतले सामने, त्यांची पिढ्यान् पिढ्यांची भांडणं. ‘बिग टेन’ हा त्यातला सर्वांत जुना मोठा गट १८९६ मध्ये शिकागोच्या परिसरात जमला. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांनी १९१५ मध्ये आपला गट बांधला. तोच पुढे ‘पॅक-१२’ झाला. शंभराहून जास्त वर्षं ही मंडळी एकमेकांशी खेळत राहिली.

मग दूरचित्रवाणीचा पैसा आला. १९८४ पर्यंत कुठल्या विद्यापीठाचा फुटबॉल सामना किती वेळा दाखवायचा हे ‘एनसीएए’ ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्या दिवसापासून प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठांच्या आणि त्यांच्या गटांच्या हातात आले, आणि गटाची किंमत त्याच्या संघांच्या जोरावर कमी, तो किती घरांच्या पडद्यावर पोचतो यावर जास्त ठरू लागली. रटगर्स हे न्यू जर्सीतलं विद्यापीठ फुटबॉलमध्ये कधी फार मोठं नव्हतं. तरी २०१४ मध्ये बिग टेननं त्याला आत घेतलं, कारण न्यूयॉर्कच्या परिसरातल्या केबलच्या जोडण्या. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलए यांनी, पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. दोन महिन्यांच्या आत बिग टेननं तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला. त्याची रक्कम सात अब्ज डॉलरच्या वर होती, म्हणजे त्या वेळच्या दरानं पन्नास हजार कोटी रुपयांहून जास्त.

२०२४ च्या ऑगस्टपर्यंत पॅक-१२ मधली दहा विद्यापीठं निघून गेली होती. मागे दोनच उरली: वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. यातलं ओरेगन स्टेट १९१५ च्या संस्थापकांपैकी एक. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिकच्या कुशीतली विद्यापीठं तर ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात गेली. बिग टेनमध्ये आता अठरा संघ आहेत आणि लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंतचं सुमारे चार हजार किलोमीटरचं अंतर आता ‘गटातला सामना’ म्हणून कापावं लागतं. फुटबॉलवाल्यांचं एक वेळ ठीक आहे. आठवड्याला एकच सामना, खास विमान, पोटभर पैसा. ज्या फुटबॉलमुळे ही उलथापालथ झाली त्याचं ओझं व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींवर पडलं. त्यांचे सामने आठवड्याच्या मधल्या वारी असतात, आणि परीक्षाही त्याच आठवड्यात.

आपल्याकडे यातलं काय आहे आणि काय नाही?

वाहिन्यांचा पैसा नाही, हे आधी सांगून टाकावं. आंतरविद्यापीठ कबड्डीचं तिकीट काढून कोणी येत नाही. पण गट आहेत, आणि गटांची फेरमांडणीही आहे. भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, ही संस्था १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झाली. तिनं देशाचे चार विभाग केले आहेत: उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश पश्चिमेत. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि तेलंगण दक्षिणेत. कॉलेजची टीम आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळते, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो विभागाच्या स्पर्धेला जातो, आणि बहुतेक सांघिक खेळांत प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत पोचतात. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाल्या. त्यातल्या जागाही याच निकालांवरून ठरतात. म्हणजे पहिल्या चारांत येणं ही खरी चाळणी, आणि समोर कोण आहे यावर ती चाळणी बारीक की जाड ते ठरतं. खो-खोत पश्चिमेत मुंबई, पुणे, कोल्हापूर अशी तालेवार विद्यापीठं एकाच चाळणीत पडतात. दक्षिणेत मंगळूर विद्यापीठाचा दबदबा मोठा. मूडबिद्रीच्या आळ्वाज कॉलेजनं खेळाडूंना दत्तक घ्यायची पद्धत सुरू करून त्यात भर घातली. बॉल बॅडमिंटन हा तर दक्षिणेचाच खेळ. कोल्हापूरच्या पोरांनी तो फारसा पाहिलेलाही नसतो, आणि बेळगावात मात्र कॉलेजच्या मैदानावर त्याची आखणी असते.

हे सगळं एका गावात पाहायचं असेल तर निपाणीला जावं. निपाणीत केएलई संस्थेचं जी. आय. बागेवाडी महाविद्यालय आहे. ते कर्नाटकात, आधी धारवाडच्या आणि आता बेळगावच्या विद्यापीठाकडे. आणि गावाला लागूनच देवचंद महाविद्यालय आहे. त्याचा पत्ता वाचण्यासारखा आहे: अर्जुननगर, मार्गे निपाणी, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. बाजार निपाणीचा, बस निपाणीच्या स्टँडवरून, पोरं निपाणीच्या गल्ल्यांतली, पण जमीन महाराष्ट्राची आणि विद्यापीठ शिवाजी. तंबाखूच्या वखारींमागच्या एकाच मैदानावर संध्याकाळी खेळणारी दोन मुलं सकाळी दोन वेगळ्या कॉलेजांत जातात. एकाचा संघ विभागीय स्पर्धेसाठी भोपाळला किंवा उदयपूरला जाऊ शकतो, दुसऱ्याचा कोट्टायमला किंवा चेन्नईला. विद्यापीठ पातळीवर ती समोरासमोर यायची तर एकच जागा उरते: अखिल भारतीय फेरी, आणि तीही दोघांचे संघ आपापल्या विभागात पहिल्या चारांत आले तर. कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर एसटीनं अडीच-तीन तासांचं. रटगर्सहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या मुलीला निदान विमान मिळतं. इथल्या संघाला स्लीपरचं आरक्षण मिळालं तरी फिजिकल डायरेक्टर खूश असतात.

ही रेघ पडली कशी, याची गोष्ट साधारणपणे १९५६ पासून सांगितली जाते. खरं तर विद्यापीठ आधी सरकलं आणि राज्य नंतर. बेळगावचं लिंगराज महाविद्यालय १९३३ चं, राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ चं. दोन्ही सुरू झाली ती मुंबई विद्यापीठाखाली, त्यामुळे त्यांच्या खेळाडूंचं तोंड मुंबईकडे. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतानं दोन-तीन वर्षांतच नवी विद्यापीठं काढली: पुण्याला एक, गुजरातला एक, आणि कन्नड जिल्ह्यांसाठी १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ, जे लवकरच धारवाडला स्थिरावलं. बेळगावची कॉलेजं धारवाडला जोडली गेली. त्या वेळी बेळगाव मुंबई राज्यातच होतं. सरकारही मुंबईचं होतं. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ला झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातून एक तालुका वगळला होता: चंदगड. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. नोव्हेंबर १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ उघडलं आणि चंदगड-कागलकडच्या कॉलेजांना घराजवळचं विद्यापीठ मिळालं. अशा दोन हालचालींत, तेरा वर्षांच्या अंतरानं, शेजारच्या गावांची पोरं दोन वेगळ्या विद्यापीठांच्या जर्सीत गेली. सीमावादातला महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा, ८६५ गावांवरचा हक्क, हे सगळं वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गाजत राहिलं. जिमखान्याच्या फळ्यावरची रेघ मात्र कोणाच्याच अजेंड्यावर आली नाही.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत यूसीएलए स्वतः उठून गेली. तिच्या कुलपतींनी हिशेब केला, वकील बसवले, मतदान झालं. आपल्याकडे विद्यापीठ उठून कुठे जात नाही. विद्यापीठाच्या कायद्यात कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं, अमुक जिल्हे, तमुक तालुके, आणि ते कार्यक्षेत्र बदलायचा अधिकार विधिमंडळाचा. कॉलेजनं पत्र लिहून ‘आम्हाला पश्चिम विभागात खेळायचं आहे’ म्हणायची सोय नाही. खेळाडूची अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच. निर्णय झाल्यावर त्याला कळतो, बहुधा एखाद्या परिपत्रकातून.

सीमाभागातल्या कॉलेजात ऑगस्टच्या सुमारास गेलं तर ही यंत्रणा कागदावर दिसते. फिजिकल डायरेक्टरांच्या टेबलावर पात्रता अर्जांचा गठ्ठा असतो. महाराष्ट्रात याच खात्याला अजून ‘जिमखाना’ म्हणतात, कर्नाटकात ‘पीडी सर’ म्हटलं की पुरतं. अर्जाला दोन फोटो, दहावीचं गुणपत्रक जन्मतारखेसाठी, बोनाफाइड, प्राचार्यांची सही, गोल शिक्का. वय २५ च्या वर गेलेलं चालत नाही आणि बारावीनंतर किती वर्षं झाली तेही तपासलं जातं. एखाद्यानं अकरावी-बारावी गडहिंग्लजला केली असेल आणि पदवीला बेळगावला आला असेल, तर मायग्रेशनचा दाखला आल्याशिवाय त्याचं नाव यादीत चढत नाही. आंतरमहाविद्यालयीन सामने तोवर होऊनही जातात. कर्नाटकात विद्यापीठाकडून खेळलेल्याला ‘ब्लू’ म्हणतात. कर्नाटक विद्यापीठाचा ब्लू म्हटलं की धारवाड-हुबळीकडे अजूनही खुर्ची सरकवून बसायला सांगतात.

हाच ब्लू २०१० मध्ये बेळगावच्या मुलांपासून दुरावला. त्या वर्षी बेळगाव, विजापूर आणि बागलकोट या तीन जिल्ह्यांसाठी राणी चन्नम्मा विद्यापीठ निघालं. त्याआधी तिथे धारवाडच्या विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. आदल्या वर्षीपर्यंत खानापूरच्या मुलाची टक्कर हुबळी, गदग, कारवारच्या मुलांशीही व्हायची. आता ती विजापूर-बागलकोटच्या मुलांपुरती उरली. याचे दोन परिणाम असतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. संघात जागा मिळणं सोपं होतं, कारण स्पर्धक कमी. पण संघ विभागात टिकणं अवघड होतं, कारण पूर्वी सात जिल्ह्यांतून निवडलेले बारा आता तीन जिल्ह्यांतून निवडावे लागतात. सोलापूरनं हेच २००४ मध्ये अनुभवलं. एका जिल्ह्याचं विद्यापीठ झालं आणि त्या जिल्ह्याची मुलं शिवाजी विद्यापीठाच्या संघातून बाहेर पडली. विद्यापीठं वाढली तशी विभागीय स्पर्धाही लांबत गेली. संघ वाढले, फेऱ्या वाढल्या, आणि पहिल्या दोन दिवसांत बॅगा भरून परतणाऱ्यांची संख्याही.

बेळगावात तर एकाच शहरात चार-चार जर्सी आहेत. इंजिनिअरिंगची मुलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाकडून खेळतात. हे विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे, पण त्याचं कार्यक्षेत्र सगळं कर्नाटक. म्हणून गोगटे इन्स्टिट्यूटच्या पोराला आधी बेळगाव विभागात जिंकायचं आणि मग बंगळूर-म्हैसूरशी भिडायचं. जेएनएमसीची भावी डॉक्टर मंडळी केएलईच्या अभिमत विद्यापीठाकडून. बीए, बीकॉमवाले राणी चन्नम्माकडून. आणि उत्तर कर्नाटकातल्या महिला महाविद्यालयांसाठी विजापूरचं महिला विद्यापीठ आहे, २००३ पासूनचं. त्यामुळे दोन बहिणींपैकी एक मुलींच्या कॉलेजात आणि एक मुलामुलींच्या कॉलेजात गेली, तर कबड्डीच्या मैदानावर त्या विद्यापीठानं वेगळ्या. हे एआययूच्या नियमांत बसतं, कारण नियम विद्यापीठ मोजतो, गाव मोजत नाही.

गोव्याची गोष्ट आणखी तिरकस. १९६१ नंतर तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं आणि पश्चिम विभागात राहिलं. त्याच १९८५-८६ च्या हंगामात गोव्याचा संघ पहिल्यांदा रणजी करंडकात उतरला, आणि त्याला दक्षिण विभागात घातलं गेलं, कर्नाटक, तमिळनाडू, हैदराबाद, केरळ, आंध्र यांच्याबरोबर. ज्या राज्याचं विद्यापीठ पश्चिमेत त्याचा क्रिकेट संघ दक्षिणेत. यात अन्याय झाला असं नाही. पश्चिमेत मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र आधीच बसलेले होते. पण विभाग ही निसर्गानं आखलेली गोष्ट नाही, टेबलावर बसून ठरवता येते आणि बदलताही येते, याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही. मग निपाणी आणि बेळगावसाठी कोणी टेबलावर का बसू नये? कोल्हापूर, बेळगाव, धारवाड आणि गोवा या चार विद्यापीठांनी दरवर्षी एक आपसांतली स्पर्धा भरवायला काय हरकत आहे? खर्च एका विभागीय दौऱ्याहून कमी येईल.

क्रिकेटमध्ये बेळगावचं गणित आता पुरतं दक्षिणेचं झालं आहे. ऑटोनगरचं मैदान कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या धारवाड विभागाचं. रोनित मोरे हा बेळगावचा वेगवान गोलंदाज कर्नाटकाकडून रणजी खेळला आणि आयपीएलपर्यंत गेला. घरी मराठी, टोपीवर कर्नाटक. शहराला त्यात काही वावगं वाटलं नाही, अभिमानच वाटला.

कुस्तीत मात्र हे विभाग आडवे येत नाहीत. आंतरविद्यापीठ कुस्ती थेट अखिल भारतीय असते, मधे विभागाची फेरी नाही. म्हणून शिवाजी विद्यापीठाचा मल्ल आणि राणी चन्नम्माचा मल्ल एकाच वजनगटात, एकाच मॅटवर पहिल्या फेरीतही भेटू शकतात. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यातल्या जंगी कुस्त्यांना कोल्हापूरचे पैलवान येतात आणि कोल्हापूरच्या तालमींत बेळगावची पोरं राहतात, याला कुठल्याही विद्यापीठाचा शिक्का लागत नाही. वैयक्तिक खेळ असल्यामुळे हे जमतं. कबड्डीला बारा जणांचा संघ लागतो, आणि संघ म्हटला की विद्यापीठ आलं, विद्यापीठ आलं की जिल्ह्यांची यादी आली.

ती यादी अजून हलते आहे. कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये सात नवी विद्यापीठं काढली, त्यात जमखंडीचं बागलकोट विद्यापीठ होतं. राणी चन्नम्माच्या तीन जिल्ह्यांतला एक गेला. धारवाडकडून हावेरीही तसाच वेगळा झाला. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीनं पैशाअभावी नऊ विद्यापीठं बंद करावीत असा सूर लावला. बागलकोट आणि हावेरी दोन्ही त्या यादीत. तिकडे ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी बॉइसी, फ्रेस्नो, सॅन डिएगो अशा नव्या सोबत्यांना बोलावून आपला गट २०२६ पासून पुन्हा उभा करायचं ठरवलं. जमखंडीच्या कबड्डीपटूला अशी कोणाला बोलवायची सोय नाही. बागलकोटची जर्सी राहिली तर ती घालायची, नाहीतर पुन्हा बेळगावच्या निवड चाचणीला यायचं, जिथे कणकुंबीच्या मुलाचं आणि त्याचं नाव एकाच यादीत असेल.